सांगून न येणारं हसू

मार्चच्या अंकात श्वासाच्या व्यायामांविषयी लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं : ज्या दिवशी वॉर्डात कुणीतरी सगळ्यांना हसवून जातं, त्या दिवशी पेशंटच्या छातीतला कफ सुटतो आणि माझं निम्मं काम होऊन जातं. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. म्हणून या वेळी गुडघे, कंबर, टाच बाजूला ठेवते आणि फक्त हसण्यावरच्या पत्रांना उत्तरं देते. मिरजेत मी ३४ वर्षं फिजिओथेरपी करते आहे. लकव्याचे, दम्याचे, ऑपरेशन झालेले पेशंट हे माझे रोजचे. हसू मी पाहिलं ते त्यांच्या चेहऱ्यांवर. त्यामुळे उत्तरंही तिथूनच येतील.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ६७) दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली होती, आता काठी घेऊन चालतात. तोंड मात्र अजून वाकडं आहे. आरशासमोर बसवून ‘दात दाखवा, हसा’ म्हटलं की डावा गाल हलतो, उजवा तसाच. पण नातू पळत येऊन ‘आबा, माझी चप्पल उलटी, बघा!’ म्हणाला की तोंडभर हसतात, दोन्ही बाजू सारख्या! थोरला मुलगा म्हणतो, बाबा व्यायामाचा कंटाळा करतात, मुद्दाम करत नाहीत. चिडून मीही दोनदा बोलले त्यांना. खरं काय समजायचं? (एक वाचक भगिनी, कराड)

उत्तर : ताई, आधी हे उत्तर थोरल्याच्या हातात द्या. तुमचे यजमान कंटाळा करत नाहीत. तुम्हाला जे दिसतंय ते अगदी खरं आहे आणि ते ओळखणारी माणसं फार थोडी असतात.

हसू दोन तऱ्हेचं असतं, एक सांगितलेलं आणि एक आलेलं. ‘दात दाखवा’ म्हटल्यावर हुकूम निघतो तो मेंदूच्या वरच्या थरातल्या, ठरवून हालचाल करणाऱ्या भागातून. तिथून खाली येणारी वाट झटक्यात तुटली की विरुद्ध बाजूचा गाल ऐकत नाही. नातवाला बघून जे हसू येतं ते मेंदूच्या आतल्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून निघतं आणि दुसऱ्याच वाटेनं चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोहोचतं. शेवटची नस तीच आणि गालाचा स्नायूही तोच, फक्त वरून येणाऱ्या वाटा दोन. सांगलीहून मिरजेला यायला रस्ता आहे आणि रेल्वेही आहे. रस्ता खचला म्हणून गाडी यायची थांबत नाही.

हे मी पुस्तकात शिकले होते, पण मला ते कळलं एका एसटी ड्रायव्हरमुळे. धिप्पाड माणूस, तरुणपणी आखाड्यात जायचा. झटक्यानंतर तीन आठवडे मी रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायचे. गाल फुगवा, शीळ घाला, ओठ ताणा. डावा कोपरा काही हलायचा नाही. ते माझ्याकडे बघायचे बंद झाले होते. शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेले एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना मी तीन गोट्यांचं ते यंत्र दिलं होतं, नळीतून श्वास ओढून गोट्या वर उचलायच्या. त्यांनी दोनदा ओढलं, गोट्या जागच्या हलेनात, तेव्हा यंत्र बाजूला ठेवून म्हणाले, “बाई, एवढ्या दमानं ओढलं असतं तर चार बिड्या झाल्या असत्या.” अख्खा वॉर्ड हसला. मी वळून पाहिलं तर ड्रायव्हरसाहेब हसत होते, दोन्ही गालांनी, डोळे बारीक करून. त्यांची बायको पायाशी बसली होती. ती उठली, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, “ह्येच की तोंड.” मग रडायला लागली. तीन आठवड्यांत तिला नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदाच दिसला होता.

तर घरी काय करायचं? आरशासमोरचे व्यायाम सोडू नका, बोलायला आणि गिळायला सांगितलेल्या हालचालीच लागतात. पण ते दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. त्यात ‘हसा’ हा शब्द वापरू नका. ‘ओठांचे कोपरे कानाकडे न्या’ असं म्हणा. हुकमानं मागितलेलं हसू आलं नाही की माणूस आतून मोडतो. हसू नातवासाठी राखून ठेवा. आणि एक कडक सूचना : घास किंवा पाणी तोंडात असताना त्यांना कुणीही हसवायचं नाही. लकव्यानंतर गिळणं कच्चं असतं. हसताना घास श्वासनळीत गेला की न्यूमोनियापर्यंत गोष्ट जाते. जेवण संपलं, तोंड रिकामं झालं, पाच मिनिटं ताठ बसून झाली, की मग नातवाला सोडा.

जाता जाता आणखी दोन गोष्टी, कारण अशी पत्रं इतरही आहेत. ज्यांची चेहऱ्याची नसच सुजते (डॉक्टर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात), त्यांची शेवटची नसच अडलेली असते. त्यामुळे सांगितलेलं आणि आलेलं अशी दोन्ही हसणी एका बाजूला थांबतात, डोळाही नीट मिटत नाही. आणि कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या पेशंटचं बरोबर उलट असतं. ‘दात दाखवा’ म्हटलं तर दाखवतात, पण विनोद ऐकल्यावर चेहरा कोराच राहतो. घरच्यांना वाटतं, हे रागावलेत किंवा यांना कळलंच नाही. मग हळूहळू त्यांच्यासमोर कुणी गंमत सांगेनासं होतं. त्यांना आत हसू येत असतं हो. चेहरा साथ देत नाही एवढंच. त्यांना सांगत राहा.

प्रश्न : आईला झटका येऊन वर्ष झालं. कुणाच्या आजारपणाची बातमी सांगितली तरी ती हसत सुटते, थांबवता येत नाही. कधी साध्या जाहिरातीवर रडते. नातेवाईक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. (नाशिक)

उत्तर : हसण्या-रडण्याला मेंदूचा जो लगाम असतो तो झटक्यात सैल होतो, तेव्हा असं घडतं. आईला आत आनंद होत नसतो. हसू थांबलं की तिला विचारा, बहुतेक पेशंट लाजून सांगतात की मला तसं वाटतच नव्हतं. याला वेड म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. न्यूरॉलॉजिस्टना नेमकं हेच वर्णन करून सांगा, शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ दाखवा. यावर उपयोगी पडणारी औषधं आहेत. हसू सुरू झालं की ‘अगं काय हे!’ म्हणू नका. विषय बदला, तिला हळूहळू लांब श्वास सोडायला लावा.

प्रश्न : मी (वय ६२) सहा महिन्यांपासून बागेतल्या हास्यक्लबात जातो. हात वर करून हा हा, हो हो करतो. तिथे सांगतात की खरं हसणं आणि खोटं हसणं यांतला फरक शरीराला कळत नाही, फायदा सारखाच. सूनबाई म्हणते वजनही उतरतं. मला बरं वाटतं हे खरं, पण हे सगळं पटवून घ्यायचं का? (पुणे)

उत्तर : बरं वाटतं हे पटवून घ्या, बाकीचं थोडं तपासू.

हास्यक्लबाची सुरुवात आपल्याच मुंबईत झाली. १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब भरवला. सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगत. थोड्या दिवसांत चांगले विनोद संपले, कुणाला लागतील असे, चावट असे विनोद येऊ लागले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि हसणं तेवढं ठेवलं. मला या निर्णयाचं फार कौतुक वाटतं. कुणालाही न दुखावता पंचवीस माणसं एकत्र कशी हसतील, याचं उत्तर त्यांनी शोधलं.

आता फरकाचं. शरीराला फरक कळतो. कराडच्या ताईंना लिहिलेलं उत्तर वाचा, वाटाच दोन आहेत. चेहऱ्यावरही दिसतो. फ्रान्समधल्या दुशेन नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन प्रत्येकाचं काम तपासलं होतं. ओठाचे कोपरे वर ओढणारा स्नायू हुकूम मानतो. डोळ्याभोवतीचा जो गोल स्नायू खऱ्या हसण्यात डोळे बारीक करतो, तो पुष्कळांचा हुकमानं तसा हलत नाही. फोटोत ‘हसा’ म्हटल्यावर ओठ हसतात, डोळे तसेच राहतात, ते यामुळे.

पण श्वासाला मात्र दोन्ही हसण्यांत काम पडतं. ‘हा हा हा’ म्हणजे एका श्वासाचे छोटे छोटे तुकडे करून बाहेर फेकणं, एका सेकंदात साधारण पाच. बरगड्यांमधले स्नायू, पोट, छातीचा पडदा सगळे झटके देतात आणि एरवी श्वास सोडल्यावरही जी हवा छातीत राहते तिच्यातलीही काही बाहेर पडते. मग आपोआप खोल श्वास आत येतो. मी वॉर्डात जे अर्धा तास समजावून करून घेते, ते हसणारा माणूस फुकट करतो. नाडी जराशी वाढते, मग उतरते आणि खांदे सैल पडतात.

आणि तुम्ही लक्ष द्या, तुमच्या क्लबात तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला काहीतरी पालटतं. समोरचा जोशात हात हलवताना गडबडतो, त्याला बघून तुम्हाला हसू फुटतं आणि ते खरंच फुटतं. सांगितलेलं हसू आलेल्या हसण्याला बोलावून आणतं, पण त्यासाठी समोर माणूस लागतो. शरीर आधी हसतं आणि मन मागून कारण शोधतं, असंही घडतं. १९९८ मध्ये अमेरिकेत फिटांच्या आजाराची १६ वर्षांची एक मुलगी तपासत असताना तिच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातल्या एका छोट्या जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला की ती हसायची. थोड्या प्रवाहाला स्मित, वाढवला की मोठ्यानं. का हसलीस विचारलं तर दर वेळी तिच्याकडे कारण तयार असे, कधी समोरचं घोड्याचं चित्र, कधी भोवती उभे असलेले डॉक्टर. तिला खरंच मजा वाटत होती.

वजनाचं म्हणाल तर सूनबाईंना सांगा, दहा-पंधरा मिनिटं मनापासून हसून १० ते ४० कॅलरी खर्च होतात. अर्धी पोळीसुद्धा नाही. चालणं सोडू नका. हर्निया असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरानं हसण्याचे प्रकार करू नका.

प्रश्न : सिझेरियन होऊन पाच दिवस झाले. माझी भावंडं भेटायला येतात आणि इतकं हसवतात की पोटात कळ येते. टाके तुटतील का? (बार्शी)

उत्तर : नाही तुटणार. उशी पोटाशी घट्ट धरा, गुडघे थोडे वर घ्या आणि मग हसा. खोकला-शिंकेलाही हीच युक्ती. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. अतिहसिताच्या वर्णनात डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस हातांनी आपल्या कुशी धरतो, असं आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबले, कारण ऑपरेशननंतर आम्ही पेशंटला शिकवतो ते हेच. टाक्यांतून पाणी आलं, लाली वाढली किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : लिहायला संकोच वाटतो. दोन बाळंतपणं झाली, वय ३८. मोठ्यानं हसलं की लघवीचे थेंब जातात. आमच्या भिशीत एक जण इतकी भारी नक्कल करते की मला धडकीच भरते. गेले चार महिने काहीतरी निमित्त सांगून मी भिशीला जात नाही. (चिपळूण)

उत्तर : ताई, तुमच्यासारखी अकरा पत्रं आली आहेत आणि प्रत्येकीनं ‘लिहायला संकोच वाटतो’ असंच लिहिलंय. तुमच्या भिशीत दहा जणी असतील तर त्यांतल्या दोघी-तिघी तरी मनातल्या मनात हाच हिशेब करत बसलेल्या असतील, माझ्याकडे येणाऱ्या बायका पाहून मी हे सांगते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, आतड्याचा शेवट तिच्यावर पेललेला असतो. बाळंतपणात ती ताणली जाते. हसताना पोटातला दाब एकदम, पुन्हा पुन्हा वाढतो आणि सैल झोळीला तो झेपत नाही. ही झोळी व्यायामानं घट्ट होते. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून त्याला कीगलचा व्यायाम म्हणतात.

लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरायचं आहे असं समजून तो भाग आत आणि वर ओढा. मांड्या, पोट, कुल्हे आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं धरणं दहा अंकांपर्यंत न्या. कुकरची शिट्टी होईपर्यंत, एसटीची वाट बघताना, कुठेही होतं, कुणाला कळत नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नका. पूर्ण फरक दिसायला तीन महिने द्या. आणि आजपासूनची युक्ती : हसू फुटतंय असं वाटलं की आधी आवळा, मग हसा. सुरुवातीला विसरायला होईल, महिन्याभरात सवय लागते. तीन महिन्यांत फरक नाही पडला, लघवीला जळजळ होत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

पुढच्या भिशीला पॅड लावून जा, पण जा. नक्कल करणारी मैत्रीण प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला दादा गुदगुल्या करतो तेव्हा मी लोळतो. मी स्वतःला केल्या तर काहीच होत नाही. का? आणि खूप हसल्यावर हातातली बॅट का पडते? (गडहिंग्लज)

उत्तर : बाळा, दोन्ही प्रश्न फार छान आहेत. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. तुझा हात कुठे जाणार, कसा लागणार, हे तो आधीच ओळखतो आणि बाकीच्या मेंदूला सांगून ठेवतो की हा आपलाच हात आहे. मग अचंबा उरत नाही आणि गुदगुल्याही उरत नाहीत. दादाचा हात कुठे येईल हे त्याला आधी कळत नाही. लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मेंदूचे फोटो काढून हे पाहिलं. आणि खूप हसल्यावर हातपाय गळतात ते खरंच गळतात. हसताना स्नायूंची आपोआप ताठ राहण्याची जी यंत्रणा असते, ती थोडा वेळ मंदावते, हे मोजून बघितलेलं आहे. आपल्याकडे ‘हसून हसून मुरकुंडी वळली’ म्हणतात ना, ते हेच. पण एखादं मूल हसल्यावर दर वेळी खाली कोसळत असेल, किंवा दिवसा सारखी झोप येत असेल, तर आई-बाबांनी डॉक्टरांना दाखवावं. तसंच हसलं की दर वेळी खोकल्याची उबळ येत असेल तर बहुधा दमा ताब्यात नाही असं समजायचं. अशा वेळी इन्हेलरचं तपासून घ्यावं, मुलाचं हसणं थांबवू नये.

प्रश्न : वडील गेले. दहाव्याला आम्ही घाटावर बसलो होतो. तास झाला तरी कावळा पिंडाला शिवेना. लाडू ठेवला, भजी ठेवली, आईची काळजी घेऊ म्हणून सांगितलं, काही नाही. शेवटी काका हात जोडून म्हणाले, “दादा, तुझी राजदूत विकणार नाही आम्ही.” आणि कावळा आला! मला हसू फुटलं, आवरेचना. पाठ फिरवली तरी खांदे हलत होते. लोकांनी पाहिलं. बहिणीच्या सासरी त्यावर बोललं गेलं. माझं वडिलांवर फार प्रेम होतं. तरी असं कसं झालं, याचा विचार करून झोप येत नाही. (वाई)

उत्तर : दादा, हे पत्र मी तीनदा वाचलं.

शरीराकडून सुरुवात करते. दहा दिवस तुम्ही नीट झोपला नसाल, जेवला नसाल. घाटावर तासभर सगळ्यांची छाती आवळलेली होती, कावळा येईल का, यांचं काही राहिलं असेल का. त्या एका क्षणी तो ताण एकदम सुटला. हसणं आणि हुंदके दोन्ही श्वासाच्या त्याच स्नायूंवर चालतात आणि मेंदूच्या देठातल्या शेजारशेजारच्या यंत्रणा ते चालवतात. सुटलेला ताण कुठल्या दारानं बाहेर पडेल हे माणसाच्या हातात नसतं. तुमचा एका दारानं पडला.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तुम्ही मरणाला हसला नाहीत. काकांनी राजदूतचं नाव काढलं आणि तुमच्यासमोर वडील जसेच्या तसे उभे राहिले असणार. गाडी पुसणारे, कुणाला हात लावू न देणारे. लाडू, भजी, आईची काळजी यांपैकी कशालाच न हलणारा माणूस गाडीच्या नावाला हलला. त्यांना ओळखत असल्याशिवाय ते हसू येणं शक्यच नव्हतं. परक्या माणसाला त्यात हसण्यासारखं काय दिसलं असतं?

१९९७ मध्ये केल्टनर आणि बोनानो या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार जाऊन सहा महिने झालेल्या माणसांना त्यांनी गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलायला सांगितलं आणि चेहरे नोंदवले. बोलता बोलता ज्यांना खरं हसू आलं, तेच दुशेनांचं, डोळ्यांपर्यंत पोहोचलेलं, त्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी होता. गेलेल्या माणसाबद्दलच्या भावनाही त्यांच्या मनात जास्त मोकळ्या होत्या.

माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्या रात्री आम्ही तिघी बहिणी स्वयंपाकघरात अंधारात बसलो होतो. धाकटीनं त्यांचा मिसरी लावताना बोलायचा आवाज काढला. आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो, कारण बाहेर माणसं होती. दाराशी आई उभी होती. ती ओरडणार असं वाटलं. ती आत आली, आमच्यात बसली आणि म्हणाली, “परत काढ.”

तुमच्या पत्रात आईनं काय म्हटलं ते नाही. तिला विचारा. आणि राजदूत खरंच विकू नका.

प्रश्न : वय ७४, शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा बंगळूरला असतो. रात्री टीव्हीवर आम्ही दोघं जे विनोदी कार्यक्रम बघायचो तेच मी अजून लावतो. विनोद कळतो, पण हसू येत नाही. ती विनोद पुरा व्हायच्या आधीच हसायची आणि तिला बघून मी हसायचो. आता शेवटपर्यंत तसाच बसून असतो. समोरचा किराणा दुकानदार तोच कार्यक्रम मोबाइलवर लावून गल्ल्यावर बसतो, तोही कधी हसताना दिसत नाही. मेंदू म्हातारा झाला की विनोदाची चव जाते का? (लातूर)

उत्तर : काका, विनोद कळतो म्हणता ना? मग मेंदू शाबूत आहे. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाला इजा झालेल्या माणसांना विनोदाचा शेवट कुठला हेच ओळखता येत नाही, विसंगत कुठलंही वाक्य चालतं. तुमचं तसं नाही.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी बाजारात, रस्त्यावर हिंडून हसणारी माणसं टिपली, जवळजवळ १,२०० प्रसंग. त्यात विनोदासारख्या कशावर तरी आलेलं हसू शंभरात दहा ते वीस. बाकी सगळं ‘बरं, निघतो मी’, ‘अरे, हा बघ आला’ अशा साध्या बोलण्यावर. आणि विद्यार्थ्यांना त्यांनी हसण्याच्या वह्या ठेवायला लावल्या तेव्हा दिसलं, की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. पुढे इंग्लंडमध्ये रॉबिन डनबार यांच्या गटानं माणसांना विनोदी फिती दाखवून त्यांच्या हाताला बर्फासारखा गार पट्टा बांधला. एकत्र बसून जे मनापासून हसले होते त्यांना ती कळ जास्त वेळ सोसली. नुसतं करमणूक वाटून भागत नव्हतं, हसावं लागत होतं. हसण्यानं मेंदू स्वतःचंच वेदनाशामक सोडतो, असं त्यांचं म्हणणं. फिनलंडमध्ये २०१७ साली मित्रांबरोबर हसलेल्यांच्या मेंदूत ते प्रत्यक्ष दिसलंही.

तुम्ही स्वतःच लिहिलंय, की ती आधी हसायची आणि तिला बघून तुम्ही. म्हणजे त्या वेळीसुद्धा तुमचं हसू टीव्हीनं आणलेलं नव्हतं. ते काकूंनी आणलेलं होतं. कार्यक्रम तोच आहे, ती खुर्ची रिकामी आहे. हा मेंदूचा आजार नाही, हे दुःख आहे.

तरी एक विचारते. झोप लागते का? भूक लागते का? पेपर वाचावासा वाटतो का, कुणी आलं तर बरं वाटतं का? यांतलं बरंचसं ‘नाही’ असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस तसं असेल, तर डॉक्टरांना हे सगळं असंच सांगा. उतारवयातल्या नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मुलालाही सांगा. रविवारी त्यानं तिकडे आणि तुम्ही इकडे एकाच वेळी कार्यक्रम लावून फोन चालू ठेवायचा. नुसता आवाज आला तरी पुष्कळ होतं.

आणि तो समोरचा दुकानदार. तो कार्यक्रम लावतो आणि हसत नाही. तुम्हीही लावता आणि हसत नाही. मधे फक्त रस्ता आहे. उद्या कार्यक्रमाच्या वेळेला तुमची खुर्ची घेऊन त्याच्या दुकानात जा, मोबाइल डब्याला टेकवून दोघांना दिसेल असा ठेवायला सांगा. आठ-दहा दिवस जाऊन बघा आणि काय झालं ते मला कळवा. पत्ता मासिकाचाच, पाकिटावर ‘लातूरचे काका’ एवढं लिहिलंत तरी मला कळेल.